कंबरेचा एमआरआय कधी करावा आणि तो कसा करतात?

जुलै महिना लागला की तुमसर तालुक्यात धानाची रोवणी सुरू होते. चिखलाच्या बांधीत दिवसभर वाकून रोपे लावायची, तेही सलग अनेक दिवस. हंगामानंतर राइस मिल आणि बाजार समितीत धानाचे कट्टे पाठीवरून वाहिले जातात. तालुक्यातच चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. अशा भागात कंबरदुखी घरोघरी असणारच. मग कोणीतरी सांगते, "एकदा एमआरआय करून घ्या, मणक्यात गॅप असेल." त्यासाठी भंडारा किंवा नागपूर गाठायचे म्हणजे मजुरी बुडते आणि पैसेही लागतात. म्हणून ही तपासणी खरोखर कधी लागते, हे आधी समजून घेणे महत्त्वाचे आहे.

एमआरआय म्हणजे काय?

एमआरआय म्हणजे मॅग्नेटिक रेझोनन्स इमेजिंग. यात क्ष-किरण वापरत नाहीत. आपल्या शरीरात भरपूर पाणी असते आणि पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात. यंत्रातील शक्तिशाली चुंबकामुळे या अणूंची केंद्रके एका दिशेत येतात. मग रेडिओ लहरी सोडून त्यांना थोडे हलवले जाते. ती पूर्ववत होताना जे संकेत देतात, त्यावरून संगणक चित्र तयार करतो. या तंत्रासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना 2003 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

एक्स-रेमध्ये प्रामुख्याने हाडे दिसतात. एमआरआयमध्ये दोन मणक्यांमधील गादी म्हणजे डिस्क, नसा, स्नायू आणि मणक्यांतील पोकळीही दिसते. काही चित्रांत पाणी पांढरे दिसते. त्यामुळे चांगली डिस्क उजळ आणि सुकलेली डिस्क काळपट दिसते.

कंबर दुखली की लगेच एमआरआय करावा का?

बहुतेक वेळा नाही. वाकल्यामुळे किंवा वजन उचलल्यामुळे सुरू झालेली साधी कंबरदुखी बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत कमी होते. या काळात डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे, जड वजन टाळावे, पण झेपेल तितके चालत-फिरत राहावे. दिवसेंदिवस अंथरुणावर पडून राहिल्याने फायदा होत नाही.

साधारण सहा आठवडे उपचार करूनही दुखणे कमी झाले नाही, विशेषतः कळ कुल्ह्यातून पायात उतरत असेल आणि इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेचा विचार सुरू असेल, तर डॉक्टर एमआरआय सांगतात. त्यांना एकच प्रश्न विचारावा : "या रिपोर्टमुळे माझ्या उपचारात काय बदलेल?"

कोणत्या लक्षणांत अजिबात थांबू नये?

पुढील लक्षणे दिसल्यास सहा आठवडे वाट पाहायची नसते :

- लघवी अडणे, किंवा लघवी-संडासवरील ताबा जाणे
- जांघेत व बसण्याच्या जागेवर बधिरपणा येणे
- दोन्ही पायांतील ताकद कमी होणे, किंवा पायाचा पंजा वर उचलता न येणे
- कंबरदुखीसोबत ताप, रात्री घाम येणे किंवा वजन घटणे. मणक्याच्या क्षयरोगातही असे होते.
- पूर्वी कर्करोग झालेला असणे
- उंचावरून पडणे किंवा अपघात होणे

यातील पहिल्या तीन लक्षणांत नसांवर मोठा दाब आलेला असू शकतो. तेव्हा तासांनाही किंमत असते. उशीर झाल्यास लघवीवरील ताबा किंवा पायातील ताकद कायमची जाऊ शकते. अशा वेळी तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे लगेच जावे आणि "लघवी होत नाही" हे न लाजता सांगावे. रोवणी संपण्याची वाट पाहू नये.

तपासणीपूर्वी काय सांगावे, काय काढून ठेवावे?

सर्वसाधारण एमआरआय यंत्राचे चुंबक 1.5 टेस्लाचे असते. पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा ते सुमारे 30 हजार पट शक्तिशाली असते आणि तपासणी सुरू नसतानाही ते चालूच असते. जानेवारी 2018 मध्ये मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआय कक्षात गेलेला रुग्णाचा तरुण नातेवाईक यंत्राकडे ओढला गेला आणि त्याचा मृत्यू झाला. म्हणून नियम रुग्ण आणि सोबतचे नातेवाईक या दोघांनाही लागू असतात.

मंगळसूत्र, जोडवी, कानातले, केसांच्या पिना, कमरेचा करदोडा, ताईत, मोबाइल, एटीएम कार्ड आणि खिशातील चुन्याची डबी बाहेर काढून ठेवावी. पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातील कॉक्लिअर इम्प्लांट किंवा हाडात बसवलेली पट्टी असल्यास आधीच सांगावे. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचे काम करताना कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर तेही सांगावे. गर्भवती असल्यास डॉक्टरांना कळवावे.

साध्या कंबरेच्या एमआरआयसाठी सहसा उपाशी राहावे लागत नाही. संसर्ग, गाठ किंवा आधीची शस्त्रक्रिया असल्यास कधी कधी शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देतात. तेव्हा मूत्रपिंडाचा आजार किंवा अ‍ॅलर्जी असल्यास सांगणे गरजेचे असते.

तपासणी कशी होते?

रुग्णाला सरकत्या टेबलावर पाठीवर झोपवतात आणि गुडघ्यांखाली उशी देतात. टेबल बोगद्यासारख्या यंत्रात सरकते. आत ठकठक असा मोठा आवाज येतो, म्हणून कानात बोळे किंवा हेडफोन देतात. साधारण 20 ते 40 मिनिटे स्थिर पडून राहावे लागते. हालचाल झाल्यास चित्र पुसट येते. हातात एक बटण दिलेले असते. घुसमट झाली तर ते दाबून बाहेरच्या तंत्रज्ञाला बोलावता येते. तपासणी दुखत नाही आणि सहसा त्याच दिवशी घरी जाता येते.

रिपोर्टमध्ये 'गॅप' किंवा 'बल्ज' लिहिले असेल तर?

लोक ज्याला 'गॅप' म्हणतात, त्यात बहुधा उलटे घडलेले असते. डिस्क सुकून चपटी होते आणि दोन मणक्यांमधील जागा कमी होते. 'बल्ज' म्हणजे डिस्क थोडी बाहेर फुगणे. हे बदल केस पांढरे होण्यासारखे वयानुसारही होतात. कंबर अजिबात न दुखणाऱ्या 3,110 लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डिस्कचा बल्ज वयाच्या विशीत सुमारे 30 टक्के, तर ऐंशीत सुमारे 84 टक्के लोकांमध्ये आढळला.

म्हणून केवळ रिपोर्टवरून शस्त्रक्रिया ठरत नाही. डॉक्टर पाय सरळ उचलून पाहतात, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावतात, बधिरपणा तपासतात. उदाहरणार्थ, चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील डिस्कने नस दाबली, तर बहुधा पायाचा अंगठा वर उचलायला जड जातो. चित्रातील जागा आणि पायातील लक्षण जुळले, तरच त्या चित्राला अर्थ येतो.

लक्षात ठेवा

एमआरआयने दुखणे बरे होत नाही. पुढचा उपचार ठरवायला तो मदत करतो. साध्या कंबरदुखीत थोडा धीर धरावा, धोक्याच्या लक्षणांत मात्र एक दिवसही थांबू नये. नागपूरला मेडिकल किंवा मेयोमध्ये दाखवायला जाताना केवळ रिपोर्टचा कागद नको. फिल्म किंवा सीडीही सोबत न्यावी.