वाचायला फुकट, छापायला महाग : खुल्या संशोधनाचा हिशेब

महाड आणि पोलादपूरच्या गावांत विंचवाची ओळख करून द्यावी लागत नाही. जळणाच्या लाकडांत, भाताच्या पेंढ्यात, दगडांच्या फटीत लाल विंचू दडलेला असतो. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी या विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले फुप्फुसात पाणी भरून, हृदय निकामी होऊन दगावत. गंभीर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरात होते. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली, रक्तदाबावरील प्रॅझोसिन ही स्वस्त गोळी वापरली आणि हे प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आणले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात आली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे सर्व आपल्याला अभिमानाने माहीत आहे. पण एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. असे संशोधन छापून आल्यावर ते वाचायला मिळते कोणाला? आणि छापून आणण्यासाठी पैसे कोण देतो?

कुलूप कोणाकडे?

विद्वानांच्या नियतकालिकांचा व्यवहार मोठा विचित्र आहे. लेख लिहिणाऱ्याला मानधन नसते. तो तपासून देणारे तज्ज्ञही बहुधा विनामोबदला काम करतात. संशोधनाचा खर्च अनेकदा सरकारी, म्हणजे जनतेच्या पैशातून झालेला असतो. तरीही छापलेला लेख प्रकाशन कंपनीच्या मालकीचा होतो आणि वाचायचा तर वर्गणी भरावी लागते. वर्गणी नसेल, तर एकेका लेखासाठी तीस ते पन्नास डॉलर, म्हणजे अडीच ते चार हजार रुपये मागितले जातात. या धंद्यातील सर्वांत मोठ्या कंपनीचा नफा तीस टक्क्यांहून अधिक असतो.

यावर उपाय म्हणून खुल्या नियतकालिकांची चळवळ उभी राहिली. भौतिकशास्त्रज्ञांनी १९९१ पासूनच आपले लेख ‘अर्काइव्ह’ या संग्रहात मोफत ठेवायला सुरुवात केली होती. फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने स्पष्ट म्हटले की, संशोधन इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य वाचता आले पाहिजे. २००३ साली खुल्या नियतकालिकांची ‘डीओएजे’ ही जागतिक सूची सुरू झाली. तेव्हा तिच्यात तीनशे नियतकालिके होती, आज वीस हजारांहून अधिक आहेत.

याचा फायदा आपल्या दारापर्यंत येतो. २०११ साली महाडमधील बावस्कर दांपत्याने सत्तर रुग्णांवर केलेली चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. प्रॅझोसिनसोबत विंचवाची प्रतिलस दिलेल्या रुग्णांपैकी ९१.४ टक्के दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर केवळ प्रॅझोसिन दिलेल्यांपैकी २२.९ टक्के. हा लेख कोणालाही मोफत वाचता येतो. पोलादपूरच्या डॉक्टरालाही आणि विंचवाचाच त्रास असलेल्या दुसऱ्या देशातील डॉक्टरालाही.

बिल फिरले लेखकाकडे

मात्र फुकट वाचन म्हणजे फुकट छपाई नव्हे. वाचकाकडून पैसे घेणे थांबले, तेव्हा अनेक नियतकालिकांनी ते लेखकाकडून घ्यायला सुरुवात केली. २००३ साली ‘प्लॉस बायॉलॉजी’ हे नियतकालिक निघाले, तेव्हा एका लेखाचे शुल्क दीड हजार डॉलर होते. २०२० च्या अखेरीस ‘नेचर’ने खुल्या लेखासाठी ९,५०० युरो आकार जाहीर केला. त्या वेळच्या भावाने आठ लाख रुपयांहून अधिक!

युरोप-अमेरिकेतील प्राध्यापकाचे बिल त्याचे विद्यापीठ किंवा अनुदान देणारी संस्था भरते. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरचे कोण भरणार? डॉ. बावस्करांनीच २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहून, पैसे भरून छापण्याची ही पद्धत बंद करावी, अशी भूमिका मांडली. अतिगरीब देशांतील लेखकांना अनेक प्रकाशक शुल्क माफ करतात, पण त्या यादीत भारत सहसा नसतो. म्हणजे आपण श्रीमंतही नाही आणि माफी मिळण्याइतके गरीबही नाही.

ज्ञानशाखेनुसार हे ओझे बदलते. वैद्यक आणि जीवशास्त्रात अनुदाने मोठी असतात, शुल्क त्यातून भरता येते. इतिहास, भाषा, समाजशास्त्र, धर्मशास्त्र यांत अनुदान जवळपास नसतेच. कोकणी मुसलमानांच्या बोलीवर किंवा जुन्या बंदरांच्या व्यापारावर लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने लाखभर रुपये कोठून आणायचे?

पण पैसे भरल्याशिवाय खुले प्रकाशन होतच नाही, असे मुळीच नाही. ‘डीओएजे’च्या सूचीतील सुमारे दोन तृतीयांश नियतकालिके लेखकाकडून काहीच घेत नाहीत. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या शिक्षकांनी ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ अनेक वर्षे असेच चालवले, वाचक आणि लेखक दोघांनाही विनामूल्य. बंगळूरचे ‘करंट सायन्स’ही कोणालाही मोफत वाचता येते.

घाईचा बाजार

या शुल्कातून एक नवा धंदाही जन्माला आला. काही हजार रुपये भरा, आठवड्यात लेख छापून घ्या. तपासणी नाही, संपादन नाही. नोकरी आणि बढतीसाठी छापील लेखांचे गुण मोजले जाऊ लागले, तशी या दुकानांची चलती झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या यादीतही ती शिरली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले की, विद्यापीठांनी सुचवलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची होती. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. पुढे पुणे विद्यापीठातून ‘केअर’ यादी चालवली गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही थांबवली. आता नियतकालिक पारखायची जबाबदारी संस्थेवर आणि संशोधकावर आहे.

सरकारची वर्गणी

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके, ६,३०० संस्था आणि सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक व संशोधक. हिशेब केला तर दर व्यक्तीमागे वर्षाला अकराशे रुपये पडतात. योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. आपल्या भागातील बरीच महाविद्यालये शिक्षण संस्थांनी चालवलेली आहेत. म्हणून आपले महाविद्यालय यादीत आहे का, हे पालकांनी प्राचार्यांना आणि ग्रंथपालांना जरूर विचारावे. महाविद्यालयाबाहेरचा डॉक्टर, शेतकरी, पत्रकार मात्र याही योजनेत बाहेरच राहतो.

महाडला हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज पडू नये. चवदार तळे नगरपालिकेचे होते, ते सर्वांना खुले करण्याचा ठरावही झाला होता. तरी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना पाणी पिण्यासाठी हजारो माणसांसह तळ्यावर जावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. अस्पृश्यतेचा अन्याय आणि नियतकालिकांची वर्गणी यांची बरोबरी करता येणार नाही. पण सार्वजनिक पैशातून झालेली वस्तू कागदावर सर्वांची असून चालत नाही, ती हाताशी यावी लागते, हे या गावाने पाहिले आहे. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन येथे आणि २०२१ मध्ये तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. या डोंगरांचा अभ्यास कुलपात राहिला, तर त्याचा पायथ्याच्या माणसाला काय उपयोग?

घरात एवढे करा

आपल्या घरातील मुलगी किंवा मुलगा संशोधन करत असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. लेख विकत घेण्याआधी लेखकाची मोफत प्रत इंटरनेटवर शोधा. न मिळाल्यास लेखकाला नम्रपणे पत्र लिहा, बहुतेक जण आनंदाने पाठवतात. भारतातील पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर विनामूल्य आहेत. छापण्याआधी नियतकालिक ‘डीओएजे’त आहे का, संपादक मंडळातील माणसे खरी आहेत का, शुल्क आधीच स्पष्ट लिहिले आहे का, हे पाहा. आठवड्यात छापून देण्याची हमी मिळाली, तर तेथूनच मागे फिरा. २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यासाठी लेख छापलेला असण्याची केंद्रीय सक्ती राहिलेली नाही. तेव्हा विद्यापीठाचा आताचा नियम लेखी मागून घ्या.

आखातातून भावाने पाठवलेले किंवा अम्मीने दागिने मोडून दिलेले पैसे अशा दुकानात जाऊ नयेत. तालीम घेणाऱ्या लेकराला पुस्तके, प्रवास, प्रयोगशाळा यांसाठी पैसे जरूर द्या. नाव छापून आणण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर आधी चार प्रश्न विचारा.