मोठी गाडी : नवी घ्यावी की वापरलेली?

आपल्या समाजातील नोकरदार वर्गात चारचाकी गाडी ही आता अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. शिक्षक, रेल्वे, विमा, बँका, महानगरपालिका अशा ठिकाणी स्थिरावलेल्या कुटुंबांच्या दारात गाडी उभी दिसते आणि ती बहुधा उंच, रुंद, ज्यांना एस.यू.व्ही. म्हणतात अशांपैकी असते. या गाडीसाठी कर्ज मागण्यास येणारा मनुष्य रंग, चाके आणि छताची काच यांविषयी पुष्कळ बोलतो. सात वर्षांत एकूण किती रुपये जाणार, हे मात्र क्वचितच विचारतो. नवी घ्यावी की वापरलेली, हा प्रश्न तर त्याने घरीच निकालात काढलेला असतो. "जुनी घेतली तर लोक काय म्हणतील?" एवढ्यावर तो निकाल लागलेला असतो. म्हणून या प्रश्नाचा हिशेब सभासद बंधू-भगिनींपुढे आणि विशेषतः उद्या कमावते होणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे मांडावा, असे वाटले.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या माणसाने मोठी गाडी घेतली की "चैन सुरू झाली" असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. वाहनात बसण्याचा प्रश्न आपल्यासाठी कधीच केवळ सोयीचा नव्हता. १९०१ साली वडिलांना भेटण्यासाठी निघालेले बाल भीमराव व त्यांच्यासोबतची मुले मसूर स्टेशनवर उतरली, तेव्हा मुले अस्पृश्य आहेत हे कळताच गाडीवान त्यांना बैलगाडीत घेईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर प्रवास झाला. पुढे १९२९ साली, मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद असतानाही, चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांचा टांगा हाकण्यास नकार दिला. सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. हे दोन्ही प्रसंग त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदविले आहेत. खेड्यात जीप यायची ती मामलेदाराची, फौजदाराची नाही तर पुढाऱ्याची. त्या गावात आपला मुलगा स्वतःच्या उंच गाडीतून उतरतो तेव्हा आईवडिलांना काय वाटते, ते रुपयांत मोजता येत नाही. मात्र हा सन्मान वापरलेल्या गाडीतून उतरतानाही तितकाच मिळतो. गावकरी गाडी पाहतात, आर.सी. बुकावरील उत्पादनाचे वर्ष पाहत नाहीत.

तथागतांनी गृहस्थाला संसार सोडण्यास सांगितलेले नाही. व्यग्घपज्ज सुत्तात आयव्ययाचा तोल सांभाळून जगण्याचा, म्हणजेच समजीवितेचा उपदेश आहे. अनाथपिण्डिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत संपत्ती असण्याचे सुख आहे, तिचा उपभोग घेण्याचे सुख आहे आणि त्याचबरोबर अनण सुख, म्हणजे ऋण नसण्याचे सुखही आहे. चौथे सुख निर्दोष आचरणाचे. गाडी घेताना दुसऱ्या सुखाच्या पाठीमागे लागून तिसरे किती वर्षांसाठी गहाण पडते, हाच हिशेब करावयाचा आहे.

नव्या गाडीची किंमत सर्वांत वेगाने उतरते ती पहिल्या चार-पाच वर्षांत. विमा कंपन्या गाडीची विमा-रक्कम ठरविताना जी घट धरतात, ती पाहिली तरी कल्पना येईल. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. ही घट शोरूमच्या किमतीवर धरली जाते. त्याखेरीज महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेल गाडीला १३ ते १५ टक्के एकरकमी मोटार वाहन कर भरावा लागतो. हा कर पहिला मालक भरतो. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर दुसऱ्या मालकाला तो पुन्हा भरावा लागत नाही. म्हणजे चार वर्षांची गाडी घेणाऱ्याच्या वतीने सर्वांत मोठी घट आणि कर ही दोन्ही ओझी कोणी तरी आधीच वाहिलेली असतात.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. आकडे समजुतीपुरते घेतले आहेत; वाचकांनी आपल्या गाडीचे आणि आपल्या बँकेचे घालून पाहावेत. समजा, एका पेट्रोल गाडीची शोरूम किंमत १२ लाख आहे. कर, विमा, नोंदणी धरून ती रस्त्यावर येईपर्यंत १४ लाख होतात. २ लाख आपण भरले आणि १२ लाखांचे कर्ज ९ टक्के दराने सात वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता सुमारे १९,३०० रुपये बसतो आणि व्याजापोटी सुमारे ४ लाख २२ हजार जातात. एकूण खर्च १८ लाख २२ हजार. सात वर्षांनी गाडी ५ लाखांना विकली असे धरले, तर गाडी वापरण्याची किंमत १३ लाख २२ हजार झाली.

तीच गाडी चार वर्षे वापरलेली घेतली. विम्याच्या हिशेबाने तिची किंमत ७ लाख २० हजार होते. परंतु चांगल्या गाडीला बाजारात थोडे अधिक मिळतात, म्हणून ८ लाख धरू. येथेही २ लाख आपले. वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा दर जास्त असतो आणि मुदत कमी असते. ६ लाख रुपये, साडेबारा टक्के, चार वर्षे असे धरले तर हप्ता सुमारे १५,९५० आणि व्याज सुमारे १ लाख ६६ हजार. घेतल्याबरोबर टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग आणि नावावर करण्याचा खर्च ८० हजार. पुढील सात वर्षांत नव्या गाडीपेक्षा दुरुस्तीला दीड लाख जास्त लागले, असेही धरू. एकूण ११ लाख ९६ हजार होतात. शेवटी अडीच लाख आले तर निव्वळ खर्च ९ लाख ४६ हजार. दोहोंतील फरक पावणेचार लाखांचा, म्हणजे सात वर्षे दरमहा साडेचार हजारांच्या जवळपास. शिवाय दुसऱ्या कुटुंबाचा हप्ता चार वर्षांत संपतो आणि उरलेली तीन वर्षे गाडीही आहे व ऋणही नाही, अशी जातात. त्या तीन वर्षांत धाकट्या बहिणीच्या अभियांत्रिकीची अथवा परिचारिका प्रशिक्षणाची फी भरता येते. माझ्या मते हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

ओघात जामिनाविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्यात एकमेकांसाठी सही करण्याची पद्धत फार आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मित्राने हप्ते थकविले की पत्र जामीनदारालाही येते आणि त्याच्या स्वतःच्या घरकर्जाच्या वेळी ती थकबाकी आड येते. पतसंस्थेतून पगारातून कपात होणारे कर्ज असेल तर अधिकच जपावे.

मग नवी गाडी कोणी घ्यावी? जो ती बारा-पंधरा वर्षे वापरणार आहे त्याने घ्यावी. कारण पहिल्या वर्षांतील घट मग पुष्कळ वर्षांवर विभागली जाते. ज्या घरातून रात्री-अपरात्री एकटीने प्रवास करावा लागतो, ज्यांच्या गावाजवळ चांगला मेकॅनिक नाही आणि ज्यांच्याकडे बहुतेक रक्कम रोख आहे, त्यांनाही नवी परवडते. २०२५ मध्ये नव्या गाडीचे पारडे थोडे जडही झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील, १२०० सी.सी. पर्यंतच्या पेट्रोल व १५०० सी.सी. पर्यंतच्या डिझेल गाड्यांवरील जी.एस.टी. १८ टक्के झाला. त्यापूर्वी अशा पेट्रोल गाडीवर उपकरासह २९ टक्के कर होता. १० लाखांच्या गाडीत त्यामुळे सुमारे ८५ हजारांचा फरक पडतो. मोठ्या एस.यू.व्ही.वर पूर्वी उपकर धरून ५० टक्क्यांपर्यंत कर होता, तो ४० टक्के झाला. म्हणून २०२२ साली गाडी घेतलेला मालक "मला इतक्याला पडली" असे सांगून किंमत मागू लागला, तर तिकडे लक्ष देऊ नये. आज तीच गाडी नवी कितीला मिळते, तेथून खाली मोजावे. वापरलेल्या गाड्यांच्या दुकानदारावर जानेवारी २०२५ पासून त्याच्या नफ्याच्या फरकावर १८ टक्के जी.एस.टी. आहे, आपसातील वैयक्तिक विक्रीवर तो नाही.

किती जुनी घ्यावी, याला माझ्या मते एक सीमा आहे आणि ती पैशाची नसून जिवाची आहे. चालकाची एअरबॅग, सीट बेल्टची सूचना, वेगाची सूचना, मागे घेतानाचे सेन्सर या गोष्टी गाड्यांत १ जुलै २०१९ पासून सक्तीच्या झाल्या. शेजारच्या आसनासाठीची एअरबॅग जुन्या मॉडेलांत २०२१ च्या अखेरीस सक्तीची झाली. उंच गाडी वेगात वळताना उलटण्याचा धोका बसक्या गाडीपेक्षा जास्त असतो. २०१४-१५ ची भव्य एस.यू.व्ही. तीन-चार लाखांना मिळते म्हणून मुलाबाळांना घेऊन दीक्षाभूमीला निघणे मला पटत नाही. त्यापेक्षा २०२१ किंवा २०२२ ची लहान गाडी बरी. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ मानक लागू झाले, तेही या मर्यादेत येते. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल लक्षात घेऊन बनविलेली गाडी हवी असेल, तर एप्रिल २०२३ नंतरची पाहावी. डिझेलचा मोह शहरातल्या माणसाने आवरावा. बी.एस. ६ डिझेल गाडीतील काजळी अडविणारी जाळी लांबच्या, सलग प्रवासात स्वच्छ होते. रोज घर ते स्टेशन अशी चार किलोमीटर चालणारी गाडी ती तुंबवून घेते. तसेच जी कंपनी देश सोडून गेली तिची गाडी स्वस्त दिसते. जनरल मोटर्सने २०१७ साली भारतातील विक्री थांबविली आणि फोर्डने २०२१ साली येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. गाडी वाईट नसते, परंतु सुटे भाग व तिची सवय असलेला मेकॅनिक आपल्या तालुक्यात आहे काय, हे आधी विचारावे.

गाडी पाहण्यास दिवसाउजेडी जावे, इंजिन थंड असताना जावे आणि सोबत स्वतःचा मेकॅनिक न्यावा. त्याला हजार-दोन हजार देताना हात आखडू नये. पुरातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. २०१९ साली सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा असंख्य वाहने बुडाली होती. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा, शेवटच्या टोकाला चिखलाची रेषा असते. स्टेपनीच्या खळग्यात हात घालावा, आसनाखालच्या पट्ट्यांवर गंज आहे काय ते पाहावे. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्यात. टायरवर चार आकडी खूण असते, त्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. तीस हजार किलोमीटर चालल्याचे सांगणाऱ्या गाडीचे चारही टायर बदललेले असतील, तर प्रश्न विचारायला हवा.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे, पण खरी फसवणूक तेथेच होते. आर.सी. बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एन.ओ.सी. आणि फॉर्म ३५ घेऊन तो आर.टी.ओ.त उतरवून घेतल्याखेरीज पूर्ण पैसे देऊ नयेत. थकलेली ई-चलाने परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून दिसतात. परराज्यातील, विशेषतः दिल्लीकडील गाडी स्वस्त दिसते. परंतु तेथील आर.टी.ओ.ची फॉर्म २८ वरील एन.ओ.सी., येथील नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर धरला की ती स्वस्ताई बरीचशी संपते. विमा लगेच, म्हणजे चौदा दिवसांच्या आत, आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. जुन्या मालकाची 'नो क्लेम' सवलत गाडीबरोबर येत नाही. ती त्या माणसाची असते, गाडीची नव्हे. काचेवर मोठ्या अक्षरांत 'जयभीम' लिहिलेली गाडी विमा संपलेल्या अवस्थेत नाक्यावर पकडली जावी, यासारखी शरमेची गोष्ट नाही.

विकणाऱ्यानेही सावध असावे. फॉर्म २९ व ३० वर सह्या करून दलालाच्या हाती दिल्या म्हणजे आपण सुटलो, असा पुष्कळांचा समज आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निर्णय दिला की, नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक. गाडी मधल्या काळात चार हातांतून गेली असली, तरी अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाकडूनच मागितली जाते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावयाचे असते. नाव बदललेले आर.सी. डोळ्यांनी पाहावे, त्याची प्रत ठेवावी आणि गाडी ताब्यात दिल्याच्या दिवशीच आपला फास्टॅग बंद करण्याचा अर्ज बँकेत द्यावा. नाही तर दुसऱ्याच्या प्रवासाचा टोल आपल्या खात्यातून जात राहतो.