जुन्या जीपगाडीस पेट्रोलचा विद्युत् पंप

विजेचा पंप म्हटला म्हणजे आमच्या बागायतदार बंधूंच्या डोळ्यांपुढे विहिरीवरील मोटार उभी राहते, आणि पेट्रोल पंप म्हटला म्हणजे हमरस्त्यावरील विक्रीचे ठिकाण. प्रस्तुत लेखाचा विषय या दोहोंहून निराळा आहे. गाडीच्या टाकीतील पेट्रोल इंजिनावरील कार्ब्युरेटरपर्यंत पोचविणारा, मुठीत मावेल एवढा, बॅटरीवर चालणारा जो लहानसा पंप हल्ली जुन्या गाड्यांस बसविण्याचा प्रघात पडत आहे, त्याविषयी चार गोष्टी आम्ही येथे सांगणार आहो.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी जीपगाड्या विक्रीस निघाल्या, व स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडण्यास आरंभ केला. तेव्हापासून शेतकऱ्याचा व या वाहनाचा स्नेह जडला तो आजतागायत. पुढे याच कंपनीचा कारखाना नाशिकास सातपूर येथे उभा राहिला. आज तेथून बाहेर पडणाऱ्या गाड्यांस कार्ब्युरेटर नाही. सन २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, तेव्हापासून पेट्रोलच्या सर्वच नव्या मोटारींतून तो क्रमाने गेला. परंतु वडिलांच्या हातची जीप, एखादी पद्मिनी, एखादी कार्ब्युरेटरची मारुती अद्यापि पुष्कळ वाड्यांत उभी असते, व प्रसंगी तिला कामासही जुंपतात. अशा गाडीच्या धन्यासाठी हा लेख आहे. ज्यांची जीप डिझेलची आहे त्यांस याचा उपयोग नाही, आणि घासलेटवर चालणाऱ्या ज्या इंजिनांस टाकी डोक्यावर असते त्यांस पंपाची गरजच नाही. तेथे तेल आपल्या वजनानेच खाली उतरते.

या गाड्यांस कारखान्यातून जो पंप येतो तो इंजिनाच्या अंगास बसविलेला असतो. आतील कॅमची उठती बाजू एका दांडीस ढकलते, दांडी एका लवचिक पडद्यास खालीवर करते, आणि त्या हालचालीने पेट्रोल मागून ओढले जाऊन पुढे ढकलले जाते. यंत्र साधे व टिकाऊ आहे. तथापि त्याचे दोन दोष आहेत. पहिला दोष असा की, तो तापलेल्या इंजिनास चिकटून असतो व टाकीपासून दूर असतो, म्हणजे त्यास पेट्रोल ओढून घ्यावे लागते. येथे आपल्या विहिरीचे उदाहरण घ्यावे. काठावरील पंप वीस-बावीस फुटांपलीकडे पाणी ओढीत नाही. पाणी खाली गेले की पंप आत उतरवावा लागतो, कारण पंपास ढकलणे सोपे व ओढणे अवघड. पाण्याचे हे, तर पेट्रोलची गोष्ट त्याहून नाजूक. ओढीमुळे नळीत दाब उतरला आणि वर इंजिनाची धग लागली, की पेट्रोल नळीतच उकळू लागते, त्याची वाफ पंपात भरते, आणि पंप नुसता वाफ चावीत बसतो. वैशाखात कसारा घाट चढून इगतपुरीस येताना, अथवा नांदुरीहून सप्तशृंगीच्या गडावर जाताना जुनी गाडी मध्येच गुदमरून थांबते व अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. ओले फडके पंपावर टाकणारे ड्रायव्हर अज्ञानी नव्हेत. निदान बरोबर, उपाय मात्र तात्पुरता.

दुसरा दोष पडद्याचा. हा पडदा जुना होऊन चिरला म्हणजे पेट्रोल थेट इंजिनाच्या तेलात उतरू लागते. तेल पातळ होते, बेअरिंगे कोरडी पडतात, आणि थोडक्या किमतीच्या पडद्यापायी सबंध इंजिन उतरवावे लागते. तेल पाहण्याच्या सळईस पेट्रोलचा वास येऊ लागला, किंवा तेलाची पातळी न घालता वाढलेली दिसली, तर गाडी त्याच जागी बंद करावी.

या दुसऱ्या दोषास हल्ली एक निमित्त मिळाले आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून विकू लागले, व सन २०२५ मध्ये ते प्रमाण देशभर आले. यातील इथेनॉल आपल्याच उसाचे व मक्याचे असते, तेव्हा त्याविरुद्ध बोलण्याचे शेतकऱ्यास कारण नाही. पण जुन्या गाडीचे रबर, बुचाचे पॅकिंग व साधे पडदे या मिश्रणासाठी केलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, पुढे चिरतात. शिवाय इथेनॉल टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला चिकट थर सोडविते व हवेतील ओल ओढून घेते. पावसाळाभर अर्धी रिकामी उभी राहिलेल्या टाकीच्या तळाशी पाणी जमल्याचे दृश्य इगतपुरी-त्र्यंबक भागात नवलाचे नाही. म्हणून पंप कोणताही असो, टाकी उतरवून धुणे व सर्व रबरी नळ्या बदलणे हे पहिले काम.

आता मुख्य प्रश्न. विद्युत् पंप घ्यावाच काय? आमच्या मते ज्याची गाडी रोज चालते व घाटात अडत नाही, त्याने उगाच या भानगडीत पडू नये. इथेनॉल सोसणारा नवा पडदा असलेली दुरुस्तीची पेटी मिळते; ती जुन्या पंपास घालावी व स्वस्थ असावे. ज्याच्या गाडीत वाफ धरते, ज्याच्या कॅमची उठती बाजू झिजली आहे, किंवा ज्याची गाडी गोड्या छाटणीनंतर जी उभी राहते ती माल निघेपर्यंत हलत नाही, त्याने अवश्य घ्यावा. उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उडून जाते, आणि इंजिनावरचा पंप ते पुन्हा भरीपर्यंत स्टार्टर फिरवून फिरवून बॅटरी बसते. विद्युत् पंप हे काम काही क्षणांत करितो.

निवडीत लोक फसतात ते येथे. मोटार घेताना अधिक अश्वशक्तीची घ्यावी अशी आपली सवय, तीच येथे लावली तर अनर्थ होतो. कार्ब्युरेटरमध्ये एक लहान हौद असतो. त्यात फ्लोट तरंगतो, व हौद भरला की फ्लोट एका बारीक सुईने पेट्रोलची वाट बंद करितो. या सुईचे बळ ते केवढे! तिला दर चौरस इंचास अडीच ते साडेतीन पौंड दाब, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.२ किलो, एवढाच सोसतो. आपल्या ठिबकच्या नळ्यांस सामान्यतः १ किलो दाब लागतो हे द्राक्षबागाईतदारांस ठाऊक आहे. कार्ब्युरेटरला त्याचा पाचवा हिस्सा पुरे. उलट आजच्या इंजेक्शनच्या गाडीतील पंप ३ किलोच्या आसपास दाब देतो. असा पंप भंगारात स्वस्त मिळाला म्हणून कोणी जुन्या जीपला जोडला, तर सुई उचलली जाऊन पेट्रोल कार्ब्युरेटरच्या गळ्यातून तापलेल्या इंजिनावर ओघळू लागते. 'हा पंप जोरदार आहे' अशी कोणी शिफारस केली तर ती नको म्हणण्याचे पुरेसे कारण समजावे.

पुरवठ्याचीही चिंता नको. जीपचे चार सिलिंडरांचे २.२ लिटरचे इंजिन घाट चढतानाही तासाला दहा लिटरच्या आतच पेट्रोल खाते. कागदोपत्री ताशी ६० ते १०० लिटर देणारा व दाब वरील मर्यादेत ठेवणारा लहान पंप घेतला म्हणजे पुरून उरतो. टिक-टिक आवाज करणारा, विद्युच्चुंबकाने दट्ट्या खालीवर होणारा प्रकार आम्हांस पसंत आहे; तो एक-दीड अँपिअरच वीज घेतो, आणि आवाज बदलला की टाकी रिकामी की फिल्टर बुजला याची कानास सूचना मिळते. इंग्रजी मॉरिस मायनर गाडीस एसयू कंपनीचा याच जातीचा, पण पडद्याचा विद्युत् पंप कारखान्यातूनच येत असे, तेव्हा ही कल्पना काही नवी नव्हे. दाब अधिक असलेला पंपच मिळाला, तर कार्ब्युरेटरच्या अलीकडे दाब कमी करणारा रेग्युलेटर व पाहण्यास घड्याळ बसवावे. घेण्यापूर्वी बॅटरीचे व्होल्ट पाहावे: महायुद्धाच्या काळच्या जीपा ६ व्होल्टच्या होत्या, पुढील बहुतेक १२ च्या. काही जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असते. तेथे उलट जोड सोसणारा पंपच हवा.

बसविण्याची जागा विहिरीच्या न्यायानेच ठरते: टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या बरोबरीने किंवा खाली, सांगाड्याच्या आतील बाजूस, जेथे दगड लागणार नाही व सायलेन्सरची धग पोचणार नाही. पंपाच्या पायाखाली रबर घालावे, नाहीतर टिकटिक सबंध गाडीत घुमते. टाकी व पंप यांच्यामध्ये जाळीचा मोठ्या भोकांचा फिल्टर, व पंपाच्या पुढे कागदी बारीक फिल्टर ठेवावा. क्रम उलटा केल्यास पंपास ओढ पडून जो दोष काढावयाचा तोच पुन्हा निर्माण होतो. नळी इथेनॉल सोसणारी घ्यावी, एस. ए. ई. जे३० आर९ असा शिक्का तीवर पाहावा. फवारणीच्या पंपाची नळी बरी बसते म्हणून कोणी लावू नये.

जुन्या पंपाचे काय करावे यावर मिस्त्रींत मतभेद असतात. पुष्कळजण तो जागेवरच ठेवून विद्युत् पंपाचे पेट्रोल त्यातूनच पुढे नेतात. आमचा यास स्पष्ट विरोध आहे. त्या स्थितीत जुना पडदा चिरला, तर विद्युत् पंप इंजिनाच्या तेलात पेट्रोल दाबाने भरीत राहील, आणि चालकास काही कळणार नाही. जुना पंप उतरवून त्या भोकावर पॅकिंगसह लोखंडी पत्रा आवळावा. मात्र काही जुन्या जीपांत त्याच पंपाचा दुसरा भाग काच पुसणाऱ्या वायपरसाठी हवा ओढीत असतो. तो काढल्यावर चढावर वायपर मंदावतो, हे आधीच ध्यानी घेऊन विजेचा वायपर बसवावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट तारांची आहे, व तिच्यातच आळस होतो. इंजिनावरचा पंप इंजिन थांबले की थांबतो. विद्युत् पंप चावी फिरलेली असेतोवर चालतच राहतो, मग गाडी चारीत उलटलेली का असेना. जुन्या जीपमध्ये टाकी चालकाच्या बैठकीखाली असते, हे येथे विसरता कामा नये. अशा वेळी नळी तुटली असेल तर पंप माणसाच्या अंगाखाली पेट्रोल ओतीत राहतो. म्हणून पंपाची तार थेट चावीवरून कदापि घेऊ नये. तीन टोकांचा तेलदाबाचा स्विच मिळतो. त्याच्या एका टोकास स्टार्टरची तार, दुसऱ्यास चावीची, व तिसऱ्यास पंपाची जोडतात. स्टार्टर फिरत असता पंपास तेथून वीज मिळते. इंजिन सुरू होऊन तेलास दाब आला की ती चावीच्या वाटेने मिळू लागते. आणि इंजिन बंद पडून दाब उतरला की चावी चालू असूनही पंप थांबतो. शिवाय ५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या बाजूस घालावा, आणि अर्थची तार रंग खरवडून उघड्या लोखंडास आवळावी. विहिरीवर स्टार्टरवाचून मोटार चालविण्यास जो शेतकरी तयार होत नाही, त्याने येथे काटकसर का करावी हे आम्हांस उमगत नाही.

जोडणी झाल्यावर कार्ब्युरेटरकडील नळी सोडून ती एका डब्यात धरावी, इग्निशन कॉइलची तार काढून ठेवावी, व दुसऱ्या गड्याने फक्त स्टार्टर फिरवावा. अर्ध्या मिनिटात पाव लिटर पेट्रोल आले म्हणजे पुरवठा ठीक. हे काम उघड्यावर करावे, कडब्याच्या गंजीजवळ किंवा बंद शेडमध्ये नव्हे, आणि त्या वेळी कोणाच्या ओठी बिडी असू नये. मग नळी जोडून इंजिन चालवावे, प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवून तो ओला होतो का पाहावा, आणि इंजिन चालू असता तेलदाबाच्या स्विचवरील पंपाची तार काढून गाडी थोड्या वेळाने पेट्रोलवाचून थांबते याची खात्री करावी.

नव्या पंपाचा पुढील फिल्टर पहिल्या महिन्यात दोनदा बदलावा लागेल. टाकी धुतली तरी नळ्यांतील जुना मळ सुटत राहतो. काढलेला जुना पंप फेकू नये. पन्नास वर्षांवरील गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करण्याचा नियम २०२१ मध्ये झाला असून त्यात गाडी मूळ स्वरूपात असावी अशी अपेक्षा आहे. तेलाचे बोट लावून, फडक्यात गुंडाळून तो हत्यारांच्या पेटीत ठेवावा.