चोपन्न तासांत श्वास मोजणारं ॲप

शुक्रवारी संध्याकाळी एकमेकांना न ओळखणारी माणसं सभागृहात जमतात. डोक्यात कल्पना असेल त्यानं ती एका मिनिटात मांडायची. मग मतदान होतं, निवडलेल्या कल्पनांभोवती टीम जमतात आणि रविवारी संध्याकाळी परीक्षकांसमोर चालणारं ॲप ठेवावं लागतं. अमेरिकेतल्या बोल्डर शहरात २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार्टअप वीकएंड’चा हा ५४ तासांचा साचा पुढे अनेक देशांत गेला. आपल्याकडे २०१७ पासून ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ होते.

महाराष्ट्रानं या प्रकाराचं एक उत्तम रूप पाहिलं आहे. २००३ च्या नाशिक कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ जणांचा जीव गेला होता. २०१५ च्या कुंभाआधी मूळचे नाशिकचे आणि एमआयटीत शिकवणारे रमेश रासकर यांच्या पुढाकारानं ‘कुंभथॉन’ ही शिबिरं झाली. त्यातून शाळकरी निलय कुलकर्णी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘आशिओटो’ तयार केलं. दाब ओळखणारी ही चटई रस्त्यात अंथरली की वरून किती माणसं गेली ते मोजते आणि आकडे इंटरनेटवरून पाठवते. प्रश्न त्याच शहराचा होता आणि चाचणीही तिथल्याच गर्दीत झाली.

आता अशीच एखादी टीम हेमलकशासाठी ॲप करायला बसली तर?

गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातल्या या गावात बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथे दवाखाना चालवायचा, तर रुग्णाचं म्हणणं कळायला हवं. म्हणून डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया भाषा शिकले. आसपासच्या पाड्यांवर आजारी पडलेलं मूल दवाखान्यापर्यंत पोहोचवायला हवं की नको, हे घरच्या घरी ठरवता येणं तिथे फार मोलाचं. टीमनं घ्यावा असा प्रश्न हाच.

याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तो विजेविना सोडवला होता. न्यूमोनियात बाळाचा श्वास वेगानं चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास ही धोक्याची खूण मानतात. पण गावातल्या अनेक दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. मग त्यांच्यासाठी मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन बनलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजून उपचार सुरू करायचे. या श्वासमापकावरचा शोधनिबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला.

फोनवर हेच काम आणखी वेगानं होतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘आररेट’ नावाचं ॲप केलं. बाळानं श्वास घेतला की स्क्रीनवर एक टिचकी मारायची. ॲप दोन टिचक्यांमधलं अंतर मोजतं. पूर्ण मिनिट थांबायला नको, काही सेकंदांत उत्तर मिळतं.

यातलं गणित सुंदर आहे. समजा, आठ महिन्यांच्या बाळाचे श्वास १.२ सेकंदांच्या अंतरानं पडताहेत. ६० भागिले १.२ म्हणजे मिनिटाला ५० श्वास, धोक्याची रेषा. पण बाळ हललं आणि एक टिचकी हुकली. आता अंतरं आली १.२, १.२, २.४ आणि १.२. सरासरी काढली तर १.५ सेकंद, म्हणजे मिनिटाला ४० श्वास. आजारी बाळ ठणठणीत ठरलं! सरासरीऐवजी मध्यक घ्या, म्हणजे अंतरं चढत्या क्रमानं लावून मधली किंमत. ती १.२ च राहते आणि उत्तर ५० येतं. एका हुकलेल्या टिचकीनं निदान फिरू नये, याची काळजी कोडच्या दोन-चार ओळी घेतात.

शनिवारी दुपारपर्यंत एवढं लिहून होतं. अवघड काम त्यानंतरचं.

पहिलं भाषेचं. माडिया गोंडीच्याच कुळातली. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक नोंदले गेले, तरी या भाषेचं संगणकाला शिकवता येईल असं साहित्य अगदी तोकडं आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि शुभ्रांशु चौधरी यांच्या ‘सीजीनेट स्वर’ या फोनवरच्या ध्वनिमंचानं मिळून चार मार्गांनी साहित्य गोळा केलं, त्याचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला हिशेब १२ हजारांहून कमी भाषांतरित शब्द-वाक्यांचा होता. एवढ्यावर माडिया बोलणं समजणारं ॲप होणार नाही. पण श्वास मोजायला ते लागतही नाही. गावातल्याच एखाद्या बाईच्या आवाजात पंधरा-वीस सूचना ध्वनिमुद्रित केल्या की पुरे.

दुसरं नेटवर्कचं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुरानं भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. म्हणून मोजणी आणि निर्णय फोनमध्येच व्हायला हवा. नोंद फोनमध्येच साठवावी आणि रेंज मिळाली की आपोआप पुढे जावी. प्रत्येक नोंदीला फोननंच वेगळा क्रमांक द्यावा, म्हणजे तीच नोंद दोनदा गेली तरी दोन रुग्ण मोजले जात नाहीत. नोंदीसोबत आवाजही पाठवायचा, तर सेकंदाला सोळा किलोबिट दरानं ध्वनिमुद्रित केलेलं मिनिटभराचं बोलणं १२० किलोबाइटमध्ये बसतं. तेवढं कमकुवत सिग्नललाही पेलतं. स्मार्टफोनच नसेल तिथे ‘सीजीनेट स्वर’ची वाट आहे: मिस्ड कॉल द्यायचा, यंत्रणा उलटा फोन करते आणि साध्या फोनवरून आपलं म्हणणं नोंदवता येतं.

तिसरं पडताळणीचं. आरोग्यसेविकेनं ॲपवर मोजायचं, त्याच वेळी डॉक्टरांनी घड्याळ लावून मोजायचं आणि दोन्ही आकडे ताडून पाहायचे. रडणारं, दूध पिणारं, झोपलेलं अशी सगळी बाळं त्यात हवीत. याला आठवडे लागतात.

त्यामुळे अशा स्पर्धा भरवणाऱ्यांना दोन बदल करता येतील. स्पर्धेआधी महिनाभर भामरागड तालुक्यातल्या आशाताईंकडून प्रश्न मागवावेत आणि टीममध्ये माडिया बोलणारा एक तरी सदस्य असावा. बक्षिसाची निम्मी रक्कम रविवारी द्यावी आणि उरलेली पावसाळ्यातल्या चाचणीचे आकडे हाती आल्यावर.