तापाची नोंद कोण करतं?

कोव्हॅक्सिन ही लस कोरोनापासून ७७.८ टक्के संरक्षण देते, हा आकडा २०२१ च्या पावसाळ्यात घरोघरी पोचला होता. तो आला कसा, हे सांगण्यासारखं आहे. देशातल्या २५ केंद्रांवर सुमारे २५,८०० लोकांनी दंडावर सुई टोचून घेतली. निम्म्यांना लस मिळाली आणि निम्म्यांना लशीसारखं दिसणारं, पण विषाणूचा अंशही नसलेलं द्रावण. कुणाला काय मिळालं, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पुढे ‘लॅन्सेट’मध्ये जे विश्लेषण छापून आलं, त्यात लक्षणांसह कोरोना झालेले मोजून १३० जण होते : १०६ लस न मिळालेले आणि २४ लस मिळालेले. लशीच्या परिणामकारकतेचा सगळा डोलारा या १३० माणसांवर उभा आहे.

यातल्या प्रत्येकाला कधीतरी कणकण वाटली असेल किंवा घसा धरला असेल. ते त्यानं केंद्राला कळवलं, किंवा केंद्राचा फोन आला तेव्हा लपवलं नाही. मग त्याच्या नाकातला नमुना घेतला गेला. ज्यानं कळवलं नाही आणि ज्याला कुणी विचारलं नाही, तो तक्त्यात निरोगी म्हणून उरला. गावातला पर्जन्यमापक कुणी छपराखाली ठेवला, तर धो धो पाऊस पडूनही नोंद जवळजवळ शून्य येते; आणि तालुक्याच्या वहीत तो शून्य आणि खऱ्या कोरड्या दिवसाचा शून्य हुबेहूब सारखे दिसतात. औषधाच्या चाचणीत हा धोका कायम असतो. त्रास झाला नाही म्हणून रिकामी राहिलेली ओळ आणि त्रास सांगायची सोय नव्हती म्हणून रिकामी राहिलेली ओळ, यांत संगणकाला फरक कळत नाही. म्हणून चाचणीत भाग घेणारा माणूस हा त्या प्रयोगातला निरीक्षक असतो. डोकं दुखतंय, थकवा आलाय, छातीत धडधडतंय, ही मोजमापं करणारं दुसरं कुठलंही यंत्र नाही.

हे लक्षात घेऊन भोपाळकडे बघू या.

कोव्हॅक्सिनच्या चाचणीचं एक केंद्र भोपाळच्या पीपल्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होतं. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीसारख्या शहरातही स्वयंसेवक मिळेनासे झाले असताना या एका केंद्रावर थोड्याच आठवड्यांत सुमारे १,७०० लोक दाखल झाले. त्यांतले बरेच शंकरनगर, गरीबनगर, उडिया बस्ती अशा, युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्याच्या आसपासच्या वस्त्यांतले होते. गाडीवरच्या भोंग्यातून पुकारा झाला, कोरोनाची लस मोफत मिळेल आणि वर ७५० रुपये मिळतील असं सांगितलं गेलं, असं रहिवाशांचं म्हणणं होतं. हा प्रयोग आहे आणि आपल्याला लशीऐवजी नुसतं द्रावणही मिळू शकतं, हे कळलंच नाही, असं अनेकांनी पत्रकारांना सांगितलं. संमतिपत्राची प्रत हाती आली नाही, लक्षणं लिहायची वही मिळाली पण लिहिता येत नव्हतं, त्रास झाला तेव्हा कुणी दखल घेतली नाही, अशाही तक्रारी होत्या. १२ डिसेंबरला टोचून घेतलेला एक मजूर २१ डिसेंबरला वारला. शवविच्छेदनात विषबाधेची शंका नोंदवली गेली आणि या मृत्यूचा लशीशी संबंध नाही, असं कंपनीनं जाहीर केलं. रुग्णालयानं सगळे आरोप फेटाळले. ७५० रुपये हा येण्याजाण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा मोबदला होता, असं सांगितलं गेलं.

दोन्ही बाजू मांडल्यावरही एक प्रश्न उरतो आणि तो नीतीइतकाच विज्ञानाचा आहे. रहिवाशांचं म्हणणं निम्मं जरी खरं धरलं, तरी त्या केंद्रावरच्या वह्यांतल्या रिकाम्या ओळींचा अर्थ काय लावायचा? शिवाय ही माणसं भोपाळची होती. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री कारखान्याच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू या वस्त्यांवर पसरला. इथल्या अनेक प्रौढांना धाप, खोकला, डोळ्यांची आग या गोष्टी वर्षानुवर्षं सोबतीला आहेत. वस्तीतली एखादी जाणती बाई चाचणीच्या आखणीच्या बैठकीत बसली असती, तर तिनं पहिल्याच दिवशी विचारलं असतं की आम्हाला धाप रोजच लागते, त्यातली तुमच्या वहीत कुठली लिहायची? हा प्रश्न उत्तम संशोधकालाही सुचेलच असं नाही. तिला तो सुचणारच.

भोपाळमध्ये असं घडण्याची ही पहिली वेळ नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून गॅसपीडितांसाठी उभारलेल्या भोपाळ मेमोरियल रुग्णालयात २००४ ते २००८ या काळात परदेशी कंपन्यांच्या औषधांच्या चाचण्या झाल्या. आपण किंवा आपला माणूस चाचणीत होता हे ठाऊकच नव्हतं, असं रुग्ण आणि नातेवाईक नंतर सांगत राहिले. ज्या दवाखान्यावर आयुष्यभर विसंबून राहायचं, तिथल्या डॉक्टरांना नाही म्हणणं सोपं नसतं.

पण याच शहरात, याच वस्त्यांत, याच्या अगदी उलट पद्धतीचं विज्ञानही घडलं होतं. त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

१९८५ च्या सुरुवातीला सरकारी दवाखाने गॅसपीडितांची फुप्फुसं आणि डोळे तपासत होते. बायका सांगत होत्या की पाळी बिघडली आहे, अंगावरून जातं आहे, पोटात दुखतं आहे, गर्भ टिकत नाही. या तक्रारींना तपासणीच्या कागदावर रकानाच नव्हता. गरिबीचे आजार, मनाचे खेळ, भरपाईच्या आशेनं केलेली कुरकुर, अशी त्यांची बोळवण होत होती. त्या दिवसांत चंद्रपूर हे माहेर असलेल्या आणि नुकतंच अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतलेल्या डॉ. राणी बंग भोपाळला गेल्या. डॉ. मीरा सदगोपाल यांच्याबरोबर त्यांनी वस्तीतच बायकांची तपासणी केली, त्यांचं ऐकून घेतलं आणि स्त्रीरोगांची जणू साथ आली आहे, असं लिहून ठेवलं. मार्च १९८५ मध्ये ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ या डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या गटानं कारखान्यालगतच्या जयप्रकाश नगरात घरोघरी पाहणी केली आणि लांबच्या अण्णानगरशी तिची तुलना केली. वायूचा मारा फक्त फुप्फुसांवर नाही, सगळ्या शरीरावर आहे, हे त्यातून पुढे आलं. लोक हेच तर पहिल्या आठवड्यापासून सांगत होते! महागडी उपकरणं कुणाकडेच नव्हती. फरक एवढाच होता की काय मोजायचं, हे त्यांनी वस्तीला विचारलं होतं.

राणी आणि त्यांचे पती अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत काम सुरू केलं. तिथे दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला आणि एकूण स्त्रियांपैकी जेमतेम ८ टक्क्यांची त्याआधी कधी तशी तपासणी झालेली होती. १९८९ च्या जानेवारीत हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि ग्रामीण स्त्री म्हणजे फक्त बाळंतपण, हा जागतिक आरोग्यधोरणाचा समज त्यानं हलवला. खेड्यातल्या शेकडो बायका इतक्या खासगी तपासणीला तयार होतात, याचं श्रेय आधीच्या बोलण्याला, ओळखीला आणि विश्वासाला द्यावं लागतं. तो विश्वास हेच त्या अभ्यासाचं खरं उपकरण होतं. आपल्याकडे बंग दांपत्याच्या सेवाभावाचं कौतुक उदंड होतं. राणीताईंच्या या पद्धतीचं, म्हणजे संशोधक म्हणून त्यांच्या कसबाचं, मात्र हवं तितकं होत नाही, याची मला खंत आहे.

पुढे नवजात बालकांवरच्या प्रयोगातही हेच दिसतं. ३९ गावांत गावातल्याच बायकांना, आरोग्यदूतांना, बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्क्यांची घट दिसली आणि १९९९ मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. चार भिंतींआड जन्मून दोन दिवसांत गेलेलं बाळ सरकारी दफ्तरात तेव्हा सहसा येत नसे. ते मोजलं गेलं, कारण मोजणारं माणूस गावातलंच होतं.

आता उलटं उदाहरण, तेही जगातल्या नामांकित संशोधकांचं. आफ्रिकेतल्या तीन देशांत ५,०२९ स्त्रियांवर ‘व्हॉइस’ नावाची मोठी चाचणी झाली. एचआयव्हीपासून बचाव करणारी गोळी किंवा जेल रोज वापरायचं होतं. आम्ही नेमानं घेतो, असं स्त्रियांनी सांगितलं. परत आणलेल्या गोळ्या मोजल्यावरही तसंच दिसलं. रक्त तपासलं तेव्हा तीस टक्के किंवा त्याहूनही कमी नमुन्यांत औषधाचा अंश सापडला. नंतर निवांत बोलल्यावर कारणं कळली. ही गोळी एड्सच्या रुग्णांची, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसली तर काय म्हणतील? दवाखान्याच्या बाकावर बसल्याबसल्या अफवा पसरत होत्या. आणि चाचणीतल्या चांगल्या उपचारांना मुकायचं नसल्यामुळे खरं बोलायची सोय नव्हती. औषध कुचकामी होतं की घेतलंच गेलं नव्हतं, या गोंधळात काही वर्षं आणि अफाट पैसा गेला. त्याआधी २००४ मध्ये कंबोडियात अशाच औषधाची चाचणी सुरू होण्याआधीच बंद पडली होती. तिथल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेनं विचारलं होतं की चाचणीनंतर आम्हाला काही झालं तर उपचार कोण करणार? त्याचं समाधानकारक उत्तर त्यांना मिळालं नाही. त्या धड्यातूनच २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेनं, चाचणी आखतानाच लोकांना सोबत कसं घ्यावं, याची मार्गदर्शक तत्त्वं काढली.

पुण्याला हे सारं नवं नव्हतं. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेला, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘नारी’ला, स्थानिक लोकांच्या समाज सल्लागार मंडळाची सवय होती. फेब्रुवारी २००५ मध्ये भारतातली पहिली एचआयव्ही लस-चाचणी तिथे सुरू झाली. स्वयंसेवक होते फक्त ३०, सगळे निरोगी. लशीनं पुरेशी प्रतिकारशक्ती जागवली नाही आणि ती मागे पडली. पण ‘एड्सची लस टोचली तर एड्स होतो’ अशी भीती सहज पसरू शकणाऱ्या काळात ही चाचणी शांतपणे पार पडली, हे छोटं यश नाही.

हल्ली प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या प्रस्तावात ‘लोकसहभाग’ असतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ पत्रकं, पथनाट्य आणि भोंग्याची गाडी असाच निघतो. आखणी पूर्ण झाल्यावर लोकांना बोलावणं म्हणजे भरती. वस्तीतल्या माणसाला प्रश्नावलीतला एखादा प्रश्न बदलता येत नसेल, एखादी अट खोडता येत नसेल, तर त्याला सहभाग म्हणू नये.

इंदूरच्या चाचण्यांतल्या गैरप्रकारांविरुद्ध ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यानंतर कायद्याचा पाश आवळला गेला आणि २०१९ चे नवे नियम आले. चाचणीला मंजुरी देणाऱ्या नीती समितीत किमान सात सदस्य, त्यातले निम्मे संस्थेबाहेरचे आणि एक सामान्य नागरिक, ही अट त्यात आहे. माझ्या मते एवढ्यावर भागणार नाही. ज्या वस्तीतून शेकडो माणसं चाचणीत घेतली जाणार, त्या वस्तीचं सल्लागार मंडळ आखणीच्या वेळीच बसवणं बंधनकारक केलं पाहिजे. त्याचा खर्च चाचणीच्या एकूण खर्चात चिमूटभर असेल.

तोवर वाचकांना एवढंच सांगणं आहे. उद्या तुम्हाला, किंवा तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना, कुणी चाचणीसाठी विचारलं तर जरूर विचार करा. अशा माणसांशिवाय नवं औषध बाजारात येत नाही. सही किंवा अंगठा देण्याआधी संमतिपत्र आपल्या भाषेत वाचून घ्या आणि त्याची प्रत घरी आणा. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार मागा. राष्ट्रीय नोंदणीतला चाचणीचा क्रमांक आणि नीती समितीचा फोन नंबर लिहून घ्या. चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार मिळतात आणि कधीही, कारण न देता, बाहेर पडता येतं. हे सगळे तुमचे हक्क आहेत. जे केंद्र प्रत द्यायला टाळाटाळ करील, तिथे बाही वर करू नका.