बोअरचं कर्ज मंजूर करण्याआधी नकाशा बघा



उन्हाळा जवळ आला की गटाच्या बैठकीत बोअरसाठी कर्जाची मागणी येतेच. आपण काय विचारतो? हप्ता कसा फेडणार, जामीन कोण, मागचं किती बाकी. पाणी लागेल का, हा प्रश्न मात्र पानाड्याच्या नारळावर सोडून देतो. बोअर कोरडा गेला तरी हप्ता काही थांबत नाही, आणि तो फेडायला आपलीच ताई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जाते. म्हणून आपल्या जमिनीच्या पोटात काय आहे आणि ते दाखवणारे नकाशे कुठे मिळतात, ते या वेळी जरा सविस्तर बघू.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा खडक ज्वालामुखीचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, लाव्हारस बाहेर आला, पसरला, थिजला. काही काळाने पुन्हा आला. असं होत होत भाकरीच्या चवडीसारखे थरावर थर बसले. प्रत्येक थराचा खालचा आणि मधला भाग घट्ट, तो काळा पाषाण. वरच्या भागातून वायू बाहेर पडताना अनारशासारखी जाळी पडली, तो मांजऱ्या. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल गेरूसारखा पट्टा असतो. सगळ्यात वर ऊन-पावसाने झिजलेला मुरूम, आणि त्यावर आपली काळी माती.

हे सगळं डोळ्यांनी बघायला लांब जायला नको. मे महिन्यात गावातल्या आटलेल्या विहिरीत कठड्यावरून नीट डोकावा. माती, मुरूम, मांजऱ्या, पाषाण, सगळे थर भिंतीवर दिसतात. ओल कोणत्या पट्ट्यातून येते तेही दिसतं. माझ्या मते याच्याइतकं चांगलं पुस्तक नाही. अजिंठा-वेरूळची लेणीसुद्धा याच थरांत कोरलेली आहेत. तिथे पर्यटकांना पांढरे-हिरवे चमकणारे खडे विकतात ना, ते याच खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेले. पोकळी अशी खड्यांनी बुजली की पाण्याला जागा राहत नाही. म्हणजे मांजऱ्या लागला म्हणून पाणी लागलंच, असं नाही. पाणी असतं ते झिजलेल्या भागात आणि एकमेकींना जोडलेल्या भेगांत. काळ्या पाषाणात भेगा नसतील, तर शंभर फूट खोल जा नाहीतर तीनशे फूट, धूळच निघणार.

आता थोडा हिशोब. सरकारी पद्धतीत भूजलाचा अंदाज काढताना झिजलेल्या, भेगाळलेल्या आपल्या खडकात साधारण २ टक्के पाणी धरतात. नदीकाठच्या वाळूत १६ टक्के. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. त्या एकराखाली पाण्याची पातळी ५ मीटर खाली गेली, तर किती पाणी गेलं? ४ लाख लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे ४० टँकर. ऐकायला खूप वाटतं. पण एका एकराला ५ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी दिली की २ लाख लिटर लागतात. दोन पाळ्यांत पाच मीटर! थोडंफार पाझरून परत जातं ते सोडा. गोदाकाठच्या पैठण, गंगापूर, वैजापूर पट्ट्यात नदीचा गाळ आहे तिथलं चित्र वेगळं, पण जिल्ह्याचा बाकी बहुतेक भाग या २ टक्क्यांचाच.

जुन्या लोकांना हे कळत होतं. शहराचं जुनं नाव खडकी. तिथे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने नहर बांधली, ती पाताळातून पाणी उपसणारी नव्हती. डोंगराच्या पायथ्याचं वरच्या थरातलं झिरपणारं पाणी गोळा करायचं आणि नुसत्या उताराने शहरात आणायचं, एवढंच तिचं काम.

नकाशांचं म्हणाल तर मुख्य जागा एकच लक्षात ठेवा: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. जिल्ह्याच्या ठिकाणी तिचं वरिष्ठ भूवैज्ञानिकांचं कार्यालय असतं. ही यंत्रणा पन्नास वर्षांहून जास्त काळ निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, आणि तिने सगळ्या राज्याचे दीड हजारावर पाणलोट पाडले आहेत. आपलं गाव कोणत्या पाणलोटात, तो सुरक्षित की अतिउपशाचा, हे तिथे कळतं. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अर्ज द्या. चौघी मिळून गेलात तर जास्त बरं, प्रश्नही जास्त सुचतात.

उपग्रहाच्या चित्रांवरून केलेले भूजल संभाव्यता नकाशेही आहेत. ते १:५०,००० मापाचे, म्हणजे कागदावर २ सेंटिमीटर तर जमिनीवर १ किलोमीटर. आधी कोपऱ्यातली सूची वाचा, मग नदी-ओढा शोधा, मग आपलं गाव. सरळ लांब रेघा दिसल्या तर विचारा, ही भेग आहे की डाइक? डाइक म्हणजे जमिनीखाली उभी घुसलेली दगडी भिंत. पाणी तिच्या एका बाजूला अडतं, त्यामुळे शेजारच्या दोन शेतांत एकीला पाणी आणि दुसरी कोरडी, असंही होतं. मात्र या मापात तुमचा गट नंबर दिसणार नाही. नकाशा परिसर सांगतो, बोअरची जागा नाही. जागेसाठी भूवैज्ञानिकाकडून प्रत्यक्ष पाहणी करून घ्यावी लागते.

कायद्याचंही बघा. गावाच्या सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायचा तर परवानगी लागते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा, म्हणजे जवळपास २०० फुटांपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत. कर्जाच्या अर्जावर किती फूट लिहिलंय, ते वाचा.

आणि आपला स्वतःचा नकाशा? तो तर करायलाच हवा. तलाठी कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्या, विहिरी आणि बोअर त्यावर मांडा. चालू, बंद, कोरडा गेलेला, तिघांना तीन रंगांच्या टिकल्या चालतील. कोरडे गेलेले बोअर लोक सांगायला लाजतात, पण तेच सगळ्यात कामाचे. शेजारी शेजारी चार कोरडे निघाले तर पाचवीचा अर्ज आला की काय विचारायचं ते कळेल. मग दोरीला दगड बांधून १० विहिरींची पातळी मोजा, एकदा मे अखेर, एकदा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात. कठड्याची उंची वजा करा, दोन्ही वेळा त्याच कठड्यावरून मोजा, मोजायच्या आधी मोटर काही तास बंद ठेवायला सांगा. वहीत तारीख, विहिरीचा गट नंबर आणि फूट लिहा. आपल्या जलसुरक्षक आणि पाणी तपासणी किट वापरणाऱ्या ताईंना सोबत घ्या, त्याच फेरीत पाण्याचा नमुनाही होईल.