अर्धशिशी आणि बामची बाटली

दुपारी दोनला ठाण्यातल्या माजिवडा नाक्यावर रिक्षासाठी उभं राहिलं, की उड्डाणपुलाखालचे हॉर्न आणि डोळ्यांत घुसणारं ऊन एवढंच पुरतं. घरी पोचेपर्यंत आमच्या शेजारच्या वहिनींचं अर्धं डोकं ठणकायला लागतं. मग खिडक्या बंद, दिवे बंद, कपाळाला अमृतांजन आणि वर घट्ट बांधलेली ओढणी. ‘आईचंही असंच उठायचं,’ असं त्या म्हणतात.

त्यांचं म्हणणं खरं आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून अर्धशिशीत जवळपास निम्मा वाटा आनुवंशिकतेचा धरला जातो. एकच एक दोषी जनुक मात्र नाही. 2022 साली लाखाहून अधिक रुग्णांच्या तपासणीतून जनुकसंचातल्या 123 जागा हाती लागल्या, प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर.

त्यातली एक थेट बामच्या बाटलीपाशी नेते. टीआरपीएम-8 हे मज्जातंतूंमधलं गारवा ओळखणारं प्रथिन. बाममधला मेंथॉल त्यालाच चेतवतो, म्हणून कपाळ गार वाटतं. या प्रथिनाच्या जनुकालगतचा एक बदल अर्धशिशीचा धोका थोडा वाढवतो. 2018 च्या संशोधनानुसार त्याचं प्रमाण नायजेरियन वंशाच्या लोकांत 5 टक्के, तर फिनलंडच्या लोकांत 88 टक्के. उत्तरेकडे सरकलेल्या माणसांना तो थंडीत उपयोगी पडला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे.

तर्क सुंदर आहे, पण आपल्याला पुरत नाही. बर्फ कधी न पाहिलेल्या बंगळूर आणि आसपासच्या गावांतल्या पाहणीत वर्षभरात चारातल्या एकाला अर्धशिशी झालेली आढळली. शिवाय त्या 123 जागा प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांत शोधलेल्या. माजिवड्यात गावठाणातले आगरी-कोळी आहेत, कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं आहेत. पिढ्यानपिढ्या जातीतच, कुठे मामाच्या मुलीशीच लग्नं झालेली. त्यामुळे प्रत्येक समाजाचा जनुकांचा साठा थोडा निराळा. ‘जीनोम इंडिया’ची सुमारे 10 हजार भारतीयांची माहिती जानेवारी 2025 मध्ये संशोधकांना खुली झाली. आपल्या डोकेदुखीचा शोध तिथून सुरू व्हायलाच हवा.

वहिनींची तेरा वर्षांची लेक उलट्या करत शाळेतून घरी आली, तेव्हा वर्गात ते नाटक ठरलं होतं. डॉक्टरांनी मात्र आधी विचारलं, ‘घरात आणखी कोणाला?’ आणि तारखा लिहून ठेवायला सांगितलं. आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांशेजारी दोन रंगांच्या फुल्या दिसतात. लाल आईच्या, निळ्या लेकीच्या.